निरोगी बहीण

"अंगावर लोखंड, सोनं, चांदी, काही?" दस्तगीरमामांनी विचारलं.

"नाही."

"दाताला तार? हातापायात ऑपरेशनचा रॉड, स्क्रू?"

"नाही."

"बंद जागेत भीती वाटते?"

"नाही."

"ही खोटं बोलली की हसते," माझ्या डाव्या कानामागून ती बाई म्हणाली. "बघा, आता हसंल."

मी हसले. दस्तगीरमामाही हसले आणि कागदावर तिसरी खूण केली. त्यांना वाटलं असणार, पोरगी धीट आहे.

मागं कुणी नव्हतं. मागं भिंत होती आणि तिच्यावर औषध कंपनीचं कॅलेंडर. मी वळून बघितलं नाही. वळून बघितलं की समोरच्याला कळतं, एवढं मी चार महिन्यांत शिकले होते.

ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची, मिरजेतल्या एका इस्पितळातली. दस्तगीरमामा तिथं एमआरआयचं मशीन चालवायचे. मी सतरा वर्षांची होते, इचलकरंजीच्या कॉलेजात बारावी सायन्सला, वर्गात पहिली. माझी धाकटी बहीण रेवती पंधराची. तिला आवाज ऐकू यायचे, कुणीतरी आपल्या डोक्यातले विचार ओढून नेतंय असं वाटायचं, आणि सात महिन्यांपासून तिच्यावर मिरजेत उपचार चालू होते. तिथल्या डॉक्टर सबनीस मॅडम एक अभ्यास करत होत्या. कोवळ्या वयात हा आजार सुरू झालेल्या मुलांच्या मेंदूचे भाग एकमेकांशी कसे जोडलेले असतात, कोण कुणाच्या जोडीनं काम करतं आणि कुठली जोडी सैल पडलेली असते, ते त्यांना बघायचं होतं. त्यासाठी आजारी मुलांच्या मेंदूची चित्रं काढायची आणि त्यांच्या धडधाकट सख्ख्या भावंडांचीही. दोन्ही शेजारी ठेवायची.

माझ्या फायलीवर मॅडमनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'निरोगी बहीण'.

आणि निरोगी बहिणीच्या कानामागं चार महिन्यांपासून एक बाई बोलत होती. ओळखीची नाही, म्हातारी नाही, तरुण नाही, दमलेल्या आवाजाची. मी काय करते ते ती कुणा तिसऱ्याला सांगत असायची. ही आता पाणी पिणार. ही आता पुस्तक मिटणार. मग एकदम माझ्याकडं वळून म्हणायची, कुणाला सांगू नको. सांगितलंस तर तुझी आई मरंल.

आजवर मला अनेकदा भीती वाटली आहे, पण त्या दिवसासारखी नाही. मला पक्कं माहीत होतं की आज मशीन माझ्या डोक्यात बघणार, मॅडम बाहेर येणार आणि आईला सांगणार की तुमच्या दोन्ही मुली गेल्या. रेवाच्या वेळी आई कशी झाली होती ते मी बघितलं होतं. आठ दिवस तिनं केस विंचरले नाहीत. नवव्या दिवशी माझं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तू तरी धड ऱ्हा गं बाई. एक तरी धड ऱ्हाऊ दे." मी म्हटलं, ऱ्हाते. त्यानंतर तीन महिन्यांनी ही बाई आली.

आमचं घर मागाचं. खाली सहा यंत्रमाग, वर आम्ही चौघं. अण्णा माग बघायचे, आई सुताच्या कांड्या भरायची आणि कामगार आला नाही तर मागावर उभी राहायची. मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आमच्याकडं कुणी ओरडतही नाही. नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचा नाही. समोरचा ओठांवरून वाचतो. माग बंद असले तरी सवय जात नाही. जेवताना अण्णा 'मीठ दे' म्हणायचे ते ओठांनीच. आई यात सगळ्यांत पटाईत. कारखान्याच्या या टोकाला उभी राहून त्या टोकाचे दोन कामगार तिलाच नावं ठेवतायत हे वाचायची आणि तिथूनच उत्तर द्यायची.

याच सवयीनं रेवाचा घात केला. ती जिन्यात बसून, गच्चीवर कपडे वाळत घालताना, बिनआवाजाचे ओठ हलवायची आणि आमच्यातल्या कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. दुसऱ्या कुठल्या घरात आठ दिवसांत लक्षात आलं असतं. आम्हांला आठ महिने लागले. मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं, "एकटीच पुटपुटते असं कधीपासून?" तेव्हा आईनं बोटं मोजली, आठावर थांबली आणि तोंडात पदर कोंबला.

मी त्यातून धडा घेतला होता. बाई काहीही बोलली तरी मी ओठ घट्ट मिटून घ्यायची. माझ्या निरोगीपणाचं सगळं रहस्य एवढंच होतं.

एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. रेवा या सगळ्याला तयार झालीच कशी? घरात ती टीव्हीवर चादर टाकायची. शेजारच्या छतावरच्या मोबाईल टॉवरमुळं तिनं गच्चीवर जाणं सोडलं होतं. अशा मुलीला मॅडमनी सांगितलं की एका मोठ्या मशीनच्या पोटात चाळीस मिनिटं पडायचं, तेव्हा ती ताडकन "न्हाई" म्हणाली होती. मग मॅडम आईला म्हणाल्या, "तिची ना असेल तर राहू दे. तसंही बहीण तयार झाली तरच आम्हांला दोघींचा उपयोग आहे." हे ऐकून रेवानं मान वर केली.

"हिला पण मशीनमध्ये घालणार?"

"हो. तुलना करायला."

"मग मी जाते," ती म्हणाली.

आईला वाटलं, पोरगी सुधारायला लागली. तिनं येताना चौंडेश्वरीला नारळ फोडला. मी नाही म्हणू शकले नाही. निरोगी माणूस कशाला नाही म्हणेल?

त्या दिवशी पहिली पाळी रेवाची होती. इस्पितळाचा निळा झगा घालून ती दाराशी उभी राहिली, चौकट घट्ट धरून.

"रेवे, नको वाटत असलं तर जाऊ नको," मी म्हटलं. तिच्या काळजीनं नाही, माझ्याच.

"मी गेले न्हाई तर तू जाशील?"

"मी कशाला जाईन मग?"

"म्हणून जाती," ती म्हणाली आणि गेली.

चाळीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा झगा पाठीला चिकटला होता आणि तळहातांवर नखांच्या खुणा होत्या. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. "आता तू."

मला तिचा संताप आला. हे खरं आहे ते सांगते. मला वाटलं, स्वतः बुडाली आणि आता मलाही ओढतेय.

दस्तगीरमामांनी मला त्या अरुंद पाटावर झोपवलं, कानांत बोळे घातले, डोक्याला पांढरा सांगाडा अडकवला. हातात रबरी फुगा दिला. "घाबरलीस तर दाब. मी लगेच बाहेर काढतो. वरच्या आरशात अधिकची खूण दिसंल, तिकडं बघत ऱ्हायचं. झोपायचं नाही, बेटा. कॅमेरा आहे तोंडावर, डोळे मिटलेस तर मला कळतं. आई माझ्याशेजारी बसलीय, आं?"

"आणि विचार काय करायचा?"

"काही नाही. डॉक्टरांना तेच पायजे. माणूस नुसता पडलेला असला की आत काय चालतं ते."

पाट आत सरकला. छत नाकाच्या वीतभर वर आलं. मग मशीन सुरू झालं आणि मी मूर्खासारखी आधी हसले, कारण आवाज मागासारखा होता. तोच ठोका, तोच खडखडाट, फक्त जास्त जवळ. अर्धं मिनिट मला चक्क बरं वाटलं.

"ही आता आत आहे," बाई म्हणाली. "आता सगळं दिसणार."

मी खुणेकडं बघत राहिले.

"ही खोटं बोलून आत आली. बाहेर हिची आई बसलीय. आईला पडद्यावर दिसणार. मी दिसणार."

तिचा आवाज इतका मोठा कधीच नव्हता. आजवर ती कानामागं असायची. त्या नळीत कानामागं जागाच नव्हती. ती तोंडासमोर आली, माझ्या आणि छताच्या मधल्या वीतभर जागेत. तिच्या श्वासाची ऊब मला कपाळावर लागली, आणि ती तिथं नाही हे माहीत असूनही लागली. फुगा दाबावा तर मामा विचारतील, काय झालं? काय सांगू? न दाबावा तर आठ मिनिटांची एक अशी आणखी किती तरी चित्रं बाकी होती.

"आईला हाक मारू?" ती म्हणाली. "मारू का हाक? शालन! ए शालन!"

आईचं नाव ती पहिल्यांदाच घेत होती. माझा धीर सुटला. त्या खडखडाटात, घरी करतो तसं, मी बिनआवाजाचे ओठ हलवले आणि तिला उत्तर दिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा. ती बोलत राहिली, मीही बोलत राहिले. तेच तेच, किती वेळा कोण जाणे.

ठोका थांबला. कानात मामांचा आवाज आला. "बेटा, तोंड हलवू नको. चित्र हलतंय. देवाचं नाव मनातल्या मनात घे."

मी ओठ मिटले आणि उरलेला वेळ दात एकमेकांवर दाबून काढला. बाहेर आले तेव्हा जबडा उघडत नव्हता.

आई काचेपलीकडं पडद्यासमोरच्या स्टुलावर बसली होती. तिनं मला कपडे दिले, केस सारखे केले, वेणीचा शेपटा पुढं घेतला. सगळं माझ्या डोळ्यांकडं न बघता. मला वाटलं, मशीन बघून बावरलीय.

दुपारी आम्ही तिघी मॅडमच्या खोलीत बसलो. सबनीस मॅडम पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. त्या मुलांशी बोलताना चष्मा काढून बोलायच्या.

"चित्रं चांगली आलीत," त्या म्हणाल्या. "वृषाली मध्ये थोडी हलली, पण चालेल."

"दोघींची बघितलीसा?" रेवानं विचारलं.

"वरवर बघितली. गाठ, सूज असं काही दोघींतही नाही."

"हिच्यात काय दिसलं?"

"काही नाही. छान आहे."

"नीट बघा."

मॅडमनी चष्मा काढला. "रेवती, एकट्या माणसाच्या चित्रावरून आम्हांला काही सांगता येत नाही गं. साठ मुलं तुझ्यासारखी, साठ निरोगी. सगळ्यांची सरासरी काढली की कुठंतरी बारीकसा फरक दिसतो. तोही दिसला तर."

म्हणजे मशीन आंधळं होतं! मला इतकं हलकं वाटलं की खुर्चीचे हात धरावे लागले. रेवाचा चेहरा मात्र उतरला. इतक्या आशेनं ती कशाची वाट बघत होती ते मला तेव्हाही कळलं नाही.

"मग त्येचा उपेग काय?" ती म्हणाली. आणि थोडं थांबून, "मॅडम, हिला पण ऐकू येतंय. माज्यासारखंच."

मग आई बोलली, घाईघाईनं, माझ्याकडं न बघता. "तिचं काय मनावर घेऊ नकासा मॅडम. आजारी हाय, काय बी बोलती. ही वर्गात पहिली असती."

"वृषाली?" मॅडम म्हणाल्या. "तुला होतं असं काही?"

"नाही, मॅडम."

"हसली," बाई म्हणाली.

मॅडम रेवाकडं वळल्या. फार मायेनं त्यांनी विचारलं, "तुला असं कधीपासून वाटतंय, की ताईलाही ऐकू येतं?"

"वाटत न्हाई. हाय."

मॅडमनी लिहून घेतलं. मी उलटं वाचलं. इंग्रजीत होतं: बहिणीविषयी नवा भ्रम, ठाम.

"चार दिवस हिला इथंच ठेवून घेऊ," त्या आईला म्हणाल्या. "गोळी वाढवून बघू."

मागं एकदा गोळी वाढवली होती तेव्हा रेवाची जीभ जड झाली होती. उशी लाळेनं भिजायची. दहावीचं पुस्तक हातात धरून ती एकाच पानावर दोन-दोन तास बसायची. मला वाटलं ती आता ओरडेल, टेबल उलटवेल. तिनं काहीच केलं नाही. हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडं बघत राहिली. तिच्या सव्वा वर्षाच्या आजारात तिनं सांगितलेली ही एकच गोष्ट शंभर टक्के खरी होती, आणि तिच्याच कागदावर ती आजार म्हणून लिहिली गेली होती. मी समोर बसून ते वाचलं आणि गप्प राहिले.

"हिला जरा च्या पाजून आणती," आई उठत म्हणाली आणि माझं मनगट धरलं.

चहाकडं ती गेलीच नाही. बाह्यरुग्णांच्या लांब गल्लीत, जिथं पन्नासेक माणसं नंबर येण्याची वाट बघत होती, तिथं तिनं मला एका बाकावर बसवलं आणि स्वतः समोरच्या बाकावर बसली. मधून माणसं जात-येत होती. आईचे ओठ हलले. आवाज नाही.

"कवापासनं?"

"काय कधीपासनं?" मी मोठ्यानं म्हटलं.

तिनं डोळे वटारले आणि ओठांवर बोट ठेवलं. मग पुन्हा ओठ. "पडद्यावर तुजं त्वांड दिसत हुतं. मामास्नी वाटलं देवाचं म्हणती. मी वाचलं."

मीही ओठांनीच विचारलं, "काय वाचलंस?"

"'गप बस, आई बाहीर बसलीया.' धा येळा तरी म्हणलीस. 'गप बस, आईला कळंल.'"

एक बाई कडेवर मूल घेऊन आमच्या मधून गेली. ती जाईपर्यंत आईचा चेहरा दिसेना. मूल पुढं गेलं तेव्हा आई रडत होती, पण तिचे ओठ नीट, सावकाश हलत होते, नव्या कामगाराला समजावताना हलायचे तसे.

"कुणाला सांगू नको."

"कुणाला सांगू नको," बाई कानामागून म्हणाली.

दोघी एकदमच म्हणाल्या. एकीचे ओठ होते आणि आवाज नव्हता, दुसरीचा आवाज होता आणि ओठ नव्हते. शब्द तेच. चार महिने मला त्या बाईची भीती वाटत होती. त्या क्षणी मला आईची भीती वाटली आणि ती कितीतरी जास्त होती.

"आणि रेवा?" मी ओठ हलवले.

"तिला गोळ्या हायतच की. चार दिवसांनी काय हुतंय?" आईनं पदरानं नाक पुसलं. "तू बारावी हो. मग बघू आपण घरातल्या घरात. येक तरी धड हाय म्हणून लोकांत मान वर करून फिरती गं मी. येवढं ऐक."

आई वाईट नव्हती. ती माझ्याइतकीच घाबरली होती. तिचं तोंड बघून कुणालाही कळलं असतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं असतं आणि ती म्हणेल ते केलं असतं. अजून थोडा वेळ तिथं बसले असते तर नक्की केलं असतं. म्हणूनच मी उठले.

"सांगितलंस तर ती मरंल," बाई म्हणाली. "आता. इथंच."

मी चालायला लागले. आई मागून आली. तिनं हाक मारली नाही. पन्नास माणसांत तिला आवाज काढायचा नव्हता.

मॅडमच्या खोलीत रेवा होती तशीच बसली होती. भरतीचा कागद अर्धा भरून झाला होता. मी दारातच उभी राहून बोलायला लागले, मोठ्यानं, फारच मोठ्यानं, मागांवरून बोलावं तसं.

"मॅडम, ती खरं सांगतीय. मला ऐकू येतं. चार महिने झाले. एक बाई आहे. आत्तापण बोलतीय."

बोलत होते आणि नजर मागं आलेल्या आईच्या पोटावर होती, श्वास चालू आहे का ते बघायला. पदर वरखाली होत होता. मी बोलत गेले. बाई काय म्हणते, कधी म्हणते, सगळं सांगितलं. 'सांगितलंस तर आई मरंल' हेही सांगितलं. ते ऐकून आई दारातच भिंतीला पाठ लावून खाली बसली. मेली नाही.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे मी तुला एकटीला विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "आईसमोर विचारलं, माझं चुकलं." मग त्या रेवाकडं वळल्या. "आणि तुझ्याबद्दल मी चुकीचं लिहिलं."

"खोडा मग," रेवा म्हणाली.

त्यांनी खोडलं. भरतीचा कागद फाडला. माझी फाईल ओढून घेतली आणि 'निरोगी'वर रेघ मारली. पुढचा शब्द राहू दिला. अभ्यासातून माझं चित्र काढून टाकावं लागलं. त्यांना साठ निरोगी भावंडं हवी होती आणि त्या दिवशी त्यांच्याकडं एक कमी झालं. त्याबद्दल त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, चार महिन्यांत कुणी येत नाही गं, लोक चार-चार वर्षांनी येतात.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. बारावी मी एक वर्ष उशिरा झाले आणि वर्गात पहिली आले नाही. आज एका शाळेत रसायनशास्त्र शिकवते. गोळी चालू आहे. बाई पूर्ण गेली असं म्हणणार नाही. येते कधी कधी, लांबून. आईनं त्या दिवसानंतर दोन महिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं आणि मग एका सकाळी माझी गोळी पाण्याच्या तांब्याशेजारी काढून ठेवलेली दिसली. तेव्हापासून रोज दिसायची.

पण त्या संध्याकाळची एसटी सांगायची राहिली.

आई पुढच्या बाकावर खिडकीशी बसली होती, पाठमोरी. रेवा आणि मी मागच्या दोनाच्या बाकावर. जयसिंगपूर मागं पडलं होतं. मी घामानं भिजले होते. सांगून टाकलं की बाई गप्प होईल असं मला वाटलं होतं; ती चवताळली होती.

"रेवे," मी हळू विचारलं, "तुला मशीनची एवढी भीती, मग गेलीस कशाला?"

"मी गेले न्हाई तर तुला कोण घालणार हुतं त्यात?" ती म्हणाली. "तू सांगणार नव्हतीस. मला वाटलं, मशीनला तरी दिसंल."

मी तिच्या तळहातांवरच्या नखांच्या खुणा बघितल्या.

"तुला कळलं कसं पण? मी तर ओठसुद्धा हलवत नव्हते."

"बोलता बोलता मधीच थांबायचीस की. दुसऱ्याचं बोलून हू दे म्हणून थांबल्यागत." तिनं खांदे उडवले. "मी पण तशीच थांबती."

यड्राव फाटा आला. चार माणसं उतरली, दोन चढली. बाई आता एकच वाक्य बोलत होती, पुन्हा पुन्हा, शांतपणे, बातम्या सांगाव्यात तसं.

"काय म्हणतीया?" रेवानं विचारलं.

मी म्हटलं, "ही घरी पोचणार न्हाई म्हणती."

"आज?"

"हां. आज."

रेवानं माझ्या गार पडलेल्या हातात हात घातला. तिचा हातही कोमट नव्हता.

"माज्या कानातला बाबा पण त्येच म्हणतोय," ती म्हणाली. "सव्वा वर्स झालं. शाळंतनं सुटलं की रोज."

"मग?"

"मग काय. पोचती की रोज." तिनं पिशवी खांद्याला लावली. "ऊठ, स्टँड आला."